चिंचोळकर काकांचा तेजोमेघ

आदरणीय अध्यक्ष विक्रांतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते माझे शेजारी दत्तात्रय चिंचोळकर काका, आणि आनंद नगरच्या मराठी मंडळातील बंधुभगिनींनो,

काका आता कायमचे लेकीकडे नागपूरला चालले. हार झाले, शाल झाली. मी बोलणार हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं, की मंजूषा, मला मोठं करू नकोस, घडलं तेवढंच सांग. म्हणून आज गोडगोड बोलणं व्हायचं नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी गच्चीवर दुर्बीण मांडली, तिला कॅमेरा जोडला. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे. तारे जन्मतात ती जागा. त्याचा मनासारखा फोटो एका क्लिकमध्ये मिळत नाही, तासन्‌तास त्याचा मंद उजेड साठवावा लागतो. त्यात आपल्या गल्लीतला दिवा आड यायचा. काकांनी विनंती केली आणि आपण कौतुकानं मान्य केली: आभाळ निरभ्र असलं की दिवा बंद. त्यात वावगं काय, नाही का?

गेल्या थंडीत दिवा बंद असलेल्या अशाच एका संध्याकाळी काकांच्या पत्नी लीलावतीकाकू चौराह्यावरून दूध घेऊन परतत होत्या. अंधारात नालीच्या कडेवर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. काका वर कॅमेऱ्यापाशी. त्यांना हाक ऐकूच गेली नाही. आम्ही शेजाऱ्यांनी काकूंना उचललं.

दवाखान्यात मी उशाशी होते. काकूंनी आधी काय विचारावं?

"फोटो आला का हो?"

"नाही आला," काका म्हणाले.

पुढे न्यूमोनिया झाला आणि काकू गेल्या. तेरावं आटोपल्यावर काकांनी स्वतःच्या हातानं गल्लीतला दिवा लावला. तो पुन्हा बंद झाला नाही. दुर्बिणीवरचं कापडही निघालं नाही.

परवा सामान बांधताना त्यांनी मला कॉम्प्युटरवर त्या संध्याकाळचा फोटो दाखवला. आला होता. गुलाबी, पंख पसरल्यासारखा, त्यांनी काढलेल्या सगळ्यांत सुंदर. मग काकूंना 'नाही आला' का म्हणालात, असं मी विचारलं.

"आला म्हटलं असतं तर ती खूश झाली असती," ते म्हणाले. "ते मला सोसलं नसतं."

काका, दिवा बंद करायला हो म्हणणारे आम्ही सगळेच होतो, एवढं मात्र या सभागृहात सांगायला हवं.

दुर्बीण ते मंडळाला देऊन जात आहेत. अट एकच: ती शहराबाहेर न्यायची, कुणाच्या दारचा उजेड मालवायचा नाही.

मला बोलू दिलंत, मंडळाची मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं असं कुणाला वाटलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि काका, उद्या गाडीसाठी डबा मी देणार आहे. नाही म्हणू नका.