चौथं कातडं नदीतच होतं

मी, मकवाला नकानी, वय ५८ वर्षे, धंदा गुरे पाळणे व नदीतून सोने काढणे, राहणार वरची वाडी, एन्गुरी नदीकाठ, स्वानेती. स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, दिनांक ११ मे रोजी मी माझे व्याही जान्सुग परजियानी यांनी माझे मेंढीचे कातडे चोरल्याची तक्रार दिली होती. ती चुकीची आहे.

बर्फ वितळू लागले की आम्ही लोकर वर करून कातडी फळीला ठोकतो आणि पाण्यात बुडवून ठेवतो. सोन्याचे कण लोकरीत अडकतात. यंदा २० एप्रिल रोजी मी चार कातडी लावली. चौथे वळणावरच्या नव्या जागी लावले. तिथे सोने आहे की नाही, कोणालाच माहीत नाही. ९ मे रोजी पूर ओसरल्यावर गेले, तर तीनच मिळाली. नव्या जागी नुसते गोटे.

११ मे रोजी सकाळी दहाच्या सुमारास जान्सुग यांच्या अंगणात झाडावर एक ओले कातडे वाळत होते. कानाला तीन चिरा. ती आमच्या घराची खूण. माझं डोकंच फिरलं. मी कुंपणावरून म्हणाले, "व्याहीबुवा, चोरी केलीत ती केलीत, निदान कान तरी कापायचा."

ते म्हणाले, "विहीणबाई, तोंड सांभाळा. रविवारी देवळात चोरी केली नाही अशी शपथ घेतो, मग तुमचा आमचा संबंध संपला."

अशी शपथ झाली की दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचा उंबरा चढत नाहीत. माझी मुलगी लेला त्यांची सून आहे. तिला नववा महिना चालू आहे. तरी मी ठाण्यात आलेच. माझ्या जिभेला हाड नाही. पुढचे चार दिवस लेलाने खिडकीसुद्धा उघडली नाही. मी जेवले की नाही, ते लिहू नये.

आज १५ मे, शनिवार. लेलाच्या सांगण्यावरून जान्सुग फावडे घेऊन नव्या जागी गेले. दीड हात गोटे उपसल्यावर फळी लागली. पुराने ती गाडली होती. कातडे खांद्यावर टाकून ते माझ्या फाटकाशी आले. कानाला तीन चिरा.

मी विचारले, "मग तुमच्या झाडावरचं कोणाचं?"

"तुम्हीच दिलेलं. पोरीच्या लग्नात."

आमच्या घरी मुलीला सासरी पाठवताना खूण केलेले एक कातडे देतात. त्या चिरा मीच मारल्या होत्या. सात वर्षे ते पेटीत होते, यंदा तिने पहिल्यांदा पाण्यात घातले. मी फाटकातच खाली बसले आणि रडले. फार बरं वाटलं.

जान्सुग म्हणाले, "उठा आता. उद्याच्या शपथेला नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता, तो फुकट गेला." मग त्यांनीच मला गाडीतून इथे आणले.

नव्या जागी सोने निघाले का, असे साहेब विचारतात. कातडे अजून झटकलेले नाही.

माझी तक्रार मी मागे घेते. जबाब मला दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा माझे लक्ष फोनकडे होते. मी सांगितले तसाच लिहिला आहे. सही घाईची आहे, तिला हरकत घेऊ नये. लेलाच्या कळा सुरू झाल्या आहेत. जान्सुग बाहेर हॉर्न वाजवत आहेत. तिने त्यांना सांगितले आहे की आधी आईला आणा, मग डॉक्टरला.