माहिती दिली पत्नीने

(इस्पितळातला विम्याचा काउंटर. काचेपलीकडे शेफाली. अलीकडे कल्याणी, आणि बायपास होऊन घरी जायला निघालेला तिचा नवरा अनिरुद्ध, चाकाच्या खुर्चीत.)

शेफाली : क्लेम रिजेक्ट झालाय, काकू. कंपनी म्हणते, आजार जुना होता, तुम्ही लपवलात.

कल्याणी : लपवला? अगं, गेल्या महिन्यापर्यंत मंडईतून पिशव्या आणत होते हे.

शेफाली : केसपेपरवर आहे ना. ‘दहा वर्षांपासून धाप लागते. माहिती दिली पत्नीने.’

कल्याणी : तो पोरगेला डॉक्टर म्हणाला, धाप कधीपासून? मी म्हटलं, काम सांगितलं की लागते, दहा वर्षं झाली. बोलायची पद्धत असते गं.

अनिरुद्ध : चाळीस वर्षं बोलतेय, कुणी लिहून घेतलं नव्हतं.

शेफाली : पॉलिसी तीन वर्षांची, धाप दहा वर्षांची. सिस्टीमला एवढंच दिसतं.

कल्याणी : मग खोड की ते.

शेफाली : खोडता नाही येत. एक होऊ शकतं, पण मी सांगितलं म्हणू नका. तुमची स्मरणशक्ती बरी नाही असं मानसोपचारवाल्यांचं सर्टिफिकेट आणा. मग अपील करू.

कल्याणी : म्हणजे मी वेडी.

शेफाली : वेडी नाही हो. कन्फ्यूज्ड. नाहीतर चार लाख वीस हजार भरा. एक मिनिट हं, फोन घेते.

कल्याणी : कुठून भरायचे? पूर्णिमानं पाटल्या गहाण ठेवून डिपॉझिट दिलंय, सासरी पत्ता नाही पोरीच्या. अहो, तुम्ही सांगा ना तिला. तुम्हाला कधी धाप लागायची का?

अनिरुद्ध : लागायची.

कल्याणी : काय?

अनिरुद्ध : हळू बोल. दुसऱ्या मजल्यावर गोगट्यांच्या दाराशी थांबायचो, चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून. तू आळशी म्हणायचीस. म्हटलं, म्हणू दे.

कल्याणी : आणि पॉलिसीच्या फॉर्मवर?

अनिरुद्ध : लिहिलं असतं तर दिली असती का त्यांनी?

कल्याणी : म्हणजे मी खरंच सांगितलं डॉक्टरला.

अनिरुद्ध : तेच नडलं.

शेफाली : सॉरी हं. मग काकू, काय ठरलं? दहा वर्षांचं तुम्ही का बोललात, ते अपिलात लिहावं लागेल.

कल्याणी : लिही. मला काही आठवत नाही.