बाबांच्या सोंगटीचे डोळे

धाकटा : …आणि तू अजून मशालीच लावत बसलीयस? वीस मिनिटांत खेळ सुरू व्हायचाय. बाबांचा निरोप वाचलास की नाही?

ताई : वाचला. ‘आजपासून मला खेळात धरू नका.’ मग काय करू, पाया पडू? महिनाभर कॉम्प्युटरवर ह्या गुहेच्या नकाशावर मरतेय. एकेक भिंत आखलीय. मशालीचा उजेड वीस फूट लख्ख, पुढचे वीस फूट अंधूक. कुणाला आहे कदर?

धाकटा : कदर गेली खड्ड्यात. खेळ काढला कशासाठी? तिघं तीन गावांना, आठवड्यातून एकदा कॉलवर तरी एकत्र बसू म्हणून. बाबाच नसतील तर ती गुहा घाल चुलीत.

ताई : त्यांना रस नाही रे. तीन रविवार एकच पालुपद, “समोर काय आहे? डावीकडे काय आहे?” अहो, नकाशा पडद्यावर आहे ना!

धाकटा : म्हणून मागच्या रविवारी म्हणालीस, “बाबा, डोळे उघडे ठेवून खेळा.”

ताई : आणि तू फिदीफिदी हसलास.

धाकटा : हसलो. नालायकच आहे मी. पण ताई, एक सांग. त्यांच्या सोंगटीला दृष्टी दिलीस?

ताई : मशाल दिलीय की हातात!

धाकटा : मशाल वेगळी, दृष्टी वेगळी. डोळेच नसले तर मशाल काय चाटायची? पहिल्या दिवशी मलाही काही दिसत नव्हतं. मी बोंब ठोकली, तू सेटिंगमध्ये माझ्या सोंगटीपुढं एक खूण केलीस, तेव्हा दिसलं. त्यांच्या सोंगटीपुढं केलीस ती खूण?

ताई : सगळं तपासलंय मी. स्वच्छ दिसत होतं.

धाकटा : कुणाच्या पडद्यावर?

ताई : माझ्या.

धाकटा : तुझ्या! खेळ तू चालवतेस, तुला भिंतीपलीकडचंही दिसतं. एकदा तरी त्यांच्या जागेवरून बघितलंस?

ताई : थांब. बघते… अरे देवा.

धाकटा : काय दिसतंय?

ताई : काळं. नुसतं काळं.

धाकटा : तीन रविवार, ताई! तीन-तीन तास!

ताई : ओरडू नकोस. त्यांना घे कॉलवर. आत्ताच्या आत्ता.

(बाबा कॉलवर येतात.)

बाबा : अरे, लिहिलं होतं ना मी. माझ्यामुळं तुमचा खोळंबा नको.

ताई : बाबा, तुम्हाला पडद्यावर काय दिसायचं?

बाबा : अंधार. गुहा आहे ना ती?

धाकटा : मग बोलला का नाहीत?

बाबा : विचारत तर होतो समोर काय आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, बघा. बघत बसलो. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. परवा नवा करून आणला. खेळ उघडून बघितला, तरी तेच. म्हटलं, आता आपलंच डोकं चालत नाही. पोरांच्या पायात पाय कशाला घाला?

ताई : चूक माझी आहे, बाबा. तुमच्या सोंगटीला डोळे द्यायचेच राहिले. आता दिले. खेळ उघडा. दिसतंय?

बाबा : अगं… भिंती आहेत की! ओल्याबिल्या. आणि ही मशाल माझ्या हातात? झकास काढलंयस. पण हा कुठाय? माझ्या शेजारी नाही तो?

धाकटा : मी आतल्या दालनात, बाबा. पहिल्याच रविवारी दारातून आत गेलो.

बाबा : आणि मी?

धाकटा : तुम्ही बाहेर.

बाबा : म्हणजे त्या रविवारी मी तलवार उपसली, म्हटलं घाबरू नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे…

धाकटा : मी नुसतं ‘हो हो’ म्हणालो.

ताई : बाबा, मी तुमची सोंगटी उचलून आत ठेवते. एका सेकंदाचं काम.

बाबा : हात लावू नकोस. दार दिसतंय मला. तो आहे तिथंच थांबू दे, मी येतो चालत.