आधी पडायचं

बसलिंगप्पा : ...आन् समजा, वय जरा पुढं गेल्यालं असंल, तर?

भीमराज : किती पुढं, अप्पा?

बसलिंगप्पा : म्हंजे, लगीन झाल्यालं. पोरंबाळं झाल्याली.

भीमराज : तरी चालतंय. कोळारच्या कारखान्यात माझ्यासंगं मशिनीवर असनारे दोघं येत्यात, लेकरावाले हायती. शिफ्ट सुटली की थेट हितं, कराटीच्या क्लासला.

बसलिंगप्पा : नातवंडं झाल्याली असतील तर?

भीमराज : अप्पा, तुमी तर म्हनलाव, भाच्यासाठी इचारायलोय.

बसलिंगप्पा : भाच्यासाठीच की. त्येचं लगीन लई लौकर झालं.

भीमराज : बरं. भाच्याचे गुडघे कसे हायती?

बसलिंगप्पा : जरा धरत्यात. दुकानात मांडी घालून बसून बसून.

भीमराज : भाचा बी दुकानातच बसतोय?

बसलिंगप्पा : आमच्या घरात समदे दुकानातच बसत्यात, मास्तर. त्ये ऱ्हाऊ द्या. खायचं कसं? आमी लिंगायत मान्सं. पोरं म्हनत्यात, अंडी खाल्ल्याबिगर हाताला जोर येत न्हाई.

भीमराज : कोन म्हनतंय? भाकर खा, डाळ खा, मूठभर शेंगा खा. माझ्या हैदराबादच्या सरांनी जल्मात अंडं खाल्लं न्हाई. त्येंचा हात लागला तर मानूस भित्तीला जाऊन चिकटतोय.

बसलिंगप्पा : भित्तीला?

भीमराज : मी सोता चिकटलोय. ए गुंड्या, लाइन सरळ कर! पाय बग तुजा कुटं चाललाय! ...हां, अप्पा, बोला.

बसलिंगप्पा : वीट फोडायला कवा येतंय?

भीमराज : समदे पैले हेच इचारत्यात. व्हिडिओवर पिक्चर बगून येत्यात, आन् आल्या आल्या वीट मागत्यात. वीट कशाला फोडायची? वीट काय तुमाला शिव्या देतीय?

बसलिंगप्पा : न्हाई, पर हाताला तेवढी ताकद आली तर...

भीमराज : येती. सावकाश येती. पैल्या दिवसापस्नं म्हैनाभर निस्तं पडायचं.

बसलिंगप्पा : पडायचं?

भीमराज : पडायचं शिकायचं. ही पोती अंथरल्याली दिसायलीत न्हवं? त्येच्यावर. मागं पडायचं, कडंला पडायचं, गडबडा लोळून उभं ऱ्हायाचं. डोस्कं सांभाळायचं.

बसलिंगप्पा : ही तर तुरीची पोती हायती. मोंढ्यातली.

भीमराज : भुसा भरलाय आत. बुद्धविहाराच्या अंगनात फरशी हाय, म्हून.

बसलिंगप्पा : पडायला काय शिकायचं असतंय, मास्तर? पडनं कुनाला येत न्हाई?

भीमराज : कुनालाच येत न्हाई. समद्यांना आदळायला येतंय.

बसलिंगप्पा : हं. आन् मी बगितलं, पोरं एकमेकांना वाकत्यात.

भीमराज : व्हय, सुरवातीला आन् शेवटाला. संगं खेळनाऱ्याला मान द्यायचा.

बसलिंगप्पा : ते न वाकता भागत न्हाई का? निस्तं हात जोडले तर?

भीमराज : भाचा वाकायला भितोय का काय?

बसलिंगप्पा : त्येला आवडत न्हाई वाकायला. चार लोक बगत असत्यात.

भीमराज : बगा अप्पा, भाच्याचं आपन नंतर बगू. तुमीच धोतराचा काष्टा मारा आन् एकदा पडून बगा. लाजू नका. टोपी काडा, खिशातलं काडा, गळ्यात काय असंल तर तेबी काडून त्या पायरीवर ठेवा.

बसलिंगप्पा : गळ्यातलं निघत न्हाई.

भीमराज : साखळी हाय?

बसलिंगप्पा : लिंग हाय. इष्टलिंग. जल्मल्यावर बांधत्यात, मेल्यावर संगंच जातंय. ते अंगावरनं काडून पायरीवर ठेवायचं नसतंय.

भीमराज : माफ करा, मला तेवढं ठाव न्हवतं. आमच्या घरात असलं काय नसतंय. पर अप्पा, ह्यो दोरा तर पुडे बांधायचा हाय. साखरंच्या पुड्याचा.

बसलिंगप्पा : पैला तुटला. घाईत हेच हाताला लागलं.

भीमराज : पक्का न्हाई त्यो. एक झटका बसला की गेला.

बसलिंगप्पा : ठाव हाय मला, झटका बसल्यावर काय हुतंय ते. मास्तर, आता एक खरं सांगा. समजा, एखादा दांडगा मानूस हाय. त्येनं छातीवर हात ठिऊन ढकललं. तर म्हैनाभरात तेवढं शिकून हुतंय का, की त्येला तितल्या तितं...

भीमराज : तितल्या तितं काय?

बसलिंगप्पा : लोकांसमोर. समद्या बाजारासमोर. एकच हानायची, पर समद्यांनी बगायची.

भीमराज : कुन्या गावचे तुमी, अप्पा?

बसलिंगप्पा : जनवाड्याचा. किराना हाय.

भीमराज : जनवाड्याचे? मग तुमाला ठावच असंल की. तुमच्यातल्याच एका दुकानदाराला त्या जीपवाल्यानं ढकललं म्हनं, हितल्या स्ट्यांडापाशी. पोरं सांगत हुती. शीटावरनं भांडन झालं, आन् दुकानदार हुबा ऱ्हायाचं सोडून सरळ त्येच्या पाया पडला. समद्या बाजारासमोर.

बसलिंगप्पा : न्हाई पडला.

भीमराज : आता पोरं तर...

बसलिंगप्पा : पाया न्हाई पडला म्हनलो न्हवं!

भीमराज : अप्पा, बसा. बसा खाली. पानी आनू?

बसलिंगप्पा : पानी नगं. मीच हाय त्यो.

भीमराज : ...मला कळायला पायजे हुतं. चुकलं माझं.

बसलिंगप्पा : तुमचं काय चुकलं? समदा तालुकाच म्हनायलाय. मी दुकानात बसलो की गिऱ्हाईक तोंडावर काय म्हनत न्हाई. पाठ फिरली की हसतंय. म्हून ह्या गल्लीत आलो. आमच्यातलं कोन हिकडं यीत न्हाई, मला कोन वळखनार न्हाई, असं वाटलं. आन् तुमीच मला माझीच गोष्ट सांगायलाव.

भीमराज : मग झालं काय हुतं, सांगा.

बसलिंगप्पा : घरच्या बाईला शीट धरून दिली हुती. जीपवाला म्हनला, उतरवा तिला, दुसरे बसनार हायती. मी म्हनलो, न्हाई उतरनार. त्येनं छातीवर हात ठिऊन ढकललं. त्येचं बोट दोऱ्यात अडकलं का काय की, शिवदारा तुटला आन् लिंग खाली पडलं. त्येच्या पायापाशी, मास्तर. चप्पल आन् चाकाच्या मदी. मला दुसरं काय दिसंना. मी दोनी हातांनी खाली गेलो, उचललं, डोळ्याला लावलं. आन् लोकं हसली. त्यो म्हनला, जा, बस जीपीत, माफ केलं तुला.

भीमराज : मग सांगायचं की लोकांना! लिंग पडलं हुतं म्हून!

बसलिंगप्पा : कसं सांगू? लिंग भुईला लागलं म्हून सांगू? आमच्यात हे पाया पडन्याहून वंगाळ हाय. माझा आज्जा म्हनायचा, ज्येचं लिंग पडलं त्येनं जितं ऱ्हाऊ नये. मठात अय्यांना सांगितलं न्हाई. घरात सांगितलं न्हाई. रोज पूजा करतोय आन् रोज माफी मागतोय. भ्याड म्हनलं तर म्हनू द्या. ते बरं, असं वाटलं मला.

भीमराज : आन् घरची बाई?

बसलिंगप्पा : ती काय बोलतीया? जीपीत बसली हुती, पाठीमागून बगितलं तिनं. गावाला जाऊस्तवर तोंडातनं सबूद काडला न्हाई. आजपातूर न्हाई. ताट वाढती, बाजूला बसती, बगती. मला तेच सोसत न्हाई, मास्तर. जीपवाला गेला खड्ड्यात. तिच्यासमोर एकदा तरी...

भीमराज : मी बी असाच शिकायला गेल्तो. आमच्या गावात एकजन हुता, त्येला हानायचं म्हून. शिकून आलो तवर त्येला मुलगी झाल्ती. आता सायकलीवरनं जाताना मला टाटा करतोय. काय हानू त्येला?

बसलिंगप्पा : तुमचं बरं हाय.

(अंगणाच्या फाटकापाशी एक बाई येऊन उभी राहते. हातात पिशवी आहे.)

लिंगम्मा : आवं. मोंढ्यात गूळ बगायला गेल्ताव न्हवं?

बसलिंगप्पा : तू? तुला अक्काच्या घरी बसवून आलो की मी.

लिंगम्मा : बसले हुते. तुमी मोंढ्याच्या उलट्या दिशेला गेलाव. म्हून आले पाठोपाठ. तम्मा, तू मास्तर काय?

भीमराज : व्हय, अव्वा. भीमराज. या, आत या.

लिंगम्मा : फाटकापाशी उभी हुते. समदं ऐकलं.

बसलिंगप्पा : समदं?

लिंगम्मा : भाच्याच्या गुडघ्यापस्नं.

भीमराज : अव्वा, अप्पांनी पाया न्हाई धरले त्येचे. त्येंचं लिंग...

लिंगम्मा : ठाव हाय मला.

बसलिंगप्पा : काय ठाव हाय?

लिंगम्मा : शिवदारा कोन वळतंय तुमचा? लगीन झाल्यापस्नं मीच वळतेय. घरी आलाव, अंगी काडली, आन् गळ्यात पुड्याचा दोरा. मला कळनार न्हाई? लिंग पडल्याबिगर दोरा कशाला बदलताव तुमी?

बसलिंगप्पा : तवाच कळलं तुला?

लिंगम्मा : तवाच.

बसलिंगप्पा : मग बोलली कामून न्हाईस? मला वाटलं, तुला माझी लाज वाटायलीय.

लिंगम्मा : वाटली. खोटं कशाला बोलू? जीपीत वाटली. वाट सरूस्तवर वाटली. बाजूची बाई तोंडाला पदर लावून हसायली, तवा वाटलं उडी मारावी. घरी दोरा बगितला आन् मग माझीच लाज वाटली मला.

बसलिंगप्पा : मग सांगायचं न्हवं का?

लिंगम्मा : तुमी लपवलाव. मी कशी उघडं करू? आज सांगतेत, उद्या सांगतेत, म्हून ताटापाशी बसत हुते. तुमी खाली मान घालून जेवताव, आन् उठताव.

बसलिंगप्पा : मी म्हनलो, तू मला बगायलीस.

लिंगम्मा : बगतच हुते. दोरा तुटतोय का काय, ते बगत हुते.

भीमराज : अव्वा, पर अप्पांना वाटतंय, लिंग भुईला लागलं म्हंजे...

लिंगम्मा : अय्यांना इचारून आले मी. मागल्या सोमवारी.

बसलिंगप्पा : मठात गेलीस? नाव घितलंस माझं?

लिंगम्मा : नाव कशाला घेऊ? म्हनलं, एका मान्साचं पडलंय. अय्या म्हनले, धुवा, इभूत लावा, नवा दारा घालून बांधा. एवढंच. पुन्हा इचारलं, जितं ऱ्हाऊ नये म्हनत्यात, ते? तर अय्या हसले. म्हनले, त्या मान्साला सांग, जेवून घे पोटभर.

बसलिंगप्पा : एवढंच?

लिंगम्मा : एवढंच. आन् तुमी उगं वाळलाव.

भीमराज : पानी आनतो मी. आता तरी घ्या, अप्पा.

बसलिंगप्पा : आना. ...लिंगे, पर लोकं तर तसंच म्हनत ऱ्हानार की.

लिंगम्मा : म्हनतील. कोन इचारलं तर मी सांगीन काय उचललं ते. तुमाला लाज वाटत असंल तर तुमी आत बसा, मी गल्ल्यापाशी बसते.

बसलिंगप्पा : न्हाई. मी बी बसतो.

भीमराज : हे घ्या पानी. मग अप्पा, आता क्लास कशाला? जावा घरी.

लिंगम्मा : कामून जावं? एवढं इचारलेत भाच्याचं. शिकू द्या की. पुन्हा कुनी ढकललं तर?

बसलिंगप्पा : ढकललं तर मी त्येला...

लिंगम्मा : हाननं ऱ्हाऊ द्या. तुमचे गुडघे मला ठाव हायत. पडायचं तेवढं नीट शिका. पर तम्मा, पडताना लिंगाचं कसं? छातीवर पडलं तर?

भीमराज : दंडाला बांधता येतंय का, अव्वा? डाव्या दंडाला, वर, काखंपाशी. कडंला पडलं तरी तितं मार लागत न्हाई. आमच्या क्लासातला एकजन ताईत तसाच बांधतोय.

लिंगम्मा : येतंय. माझा सासरा नांगरताना तसंच बांधायचा. जरा हिकडं या. धरा तळहातावर. अंगावेगळं करू नका, मी दोरा काडते.

बसलिंगप्पा : नवा दारा कुटं हाय?

लिंगम्मा : पिशवीत. दोरा बगितला त्याच राती वळायला घितला. तवापस्नं संगं घिऊन फिरायलेय. तुमी सांगताव, मग देते, म्हून.

बसलिंगप्पा : ...लिंगे.

लिंगम्मा : रडू नका हितं, पोरं बगायलीत. हात पुढं करा. अंगीची बाही वर सारा.

भीमराज : ए, तिकडं बगा रे! तुमचा पाय बगा!

बसलिंगप्पा : घट्ट बांध.

लिंगम्मा : बांधलंय. आता पडा.