देवकाच्या मापाचा दस्ता

अकोल्यातल्या बंदुकीच्या दुकानात केदार आपल्या पाळीची वाट पाहत होता. पुढे वसंता आणि त्याची बायको देवका यांची बंदुकीच्या खांद्याला टेकवायच्या दस्त्यावरून जुंपली होती.

"फायबरचा दस्ता हलका असते, देवका. बार काढला का धक्का जास्त बसते."

"मंग लाकडाचाच ठेवा."

"लाकूड पावसात फुगते. नेम हुकला तं डुक्कर अंगावर येते."

"मंग फायबरचाच घ्या. मांगं जाड रबर लावा, अन् आखूड घ्या."

"आखूड काहून? माहे हात लांब हायेत."

"तुमचा खांदा निखळला हाये. लायसन माह्याबी नावानं हाये ना? यंदा शेतात रातच्या जागलीले मी जातो."

केदारची बस सुटायला आली होती, पण त्याचा पाय निघेना.

"डुक्कर पाह्यलं का तू जवळून?"

"तुमाले त्याच्यापासून वढून कोनं आनलं?"

वसंतानं बंदूक तिच्या हाती दिली.

"खांद्याले घट्ट लाव. ढिली धरली तं लाथ मारते."