मंगळवारच्या तीन भेटी

(कोलकात्यातलं बेहाला. बुधवारची संध्याकाळ. श्यामसुंदर आणि नलिनी यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक फाईल उघडी. श्यामसुंदर निवृत्त बँक अधिकारी, मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे सचिव. ऋता त्याच संस्थेत नोकरीला.)

श्यामसुंदर : तारखा नको वाचून दाखवूस, ऋता. तारखा बघूनच सही केली होती मी. बारा, एकोणीस आणि सव्वीस मे. तीन भेटी, तिन्ही वेळा आई घरी नाही. दाराला बाहेरून कुलूप, आत आठ वर्षांची मुलगी एकटी. आपण बालकल्याण समितीकडे शिफारस केली, समितीने मुलीला बराकपूरच्या बालगृहात ठेवलं. सगळं नियमात झालंय. आता माझ्याकडे काय काम आहे?

ऋता : उद्या अकराला सुनावणी आहे, काका. आई म्हणते, मी त्या वेळी कामावर होते. समितीला कामाच्या घरचं पत्र पाहिजे. नाही मिळालं तर मुलगी अजून तीन महिने तिथेच.

श्यामसुंदर : मग त्या घरी जा आणि पत्र घे.

ऋता : आलेय ना.

नलिनी : म्हणजे?

ऋता : मुलगी सुपर्णा नस्कर. आई शिउली नस्कर. कालव्यापलीकडची वस्ती.

नलिनी : आमच्याकडे कोणी शिउली नाही गं. आमच्याकडे बुल्टीची मा येते स्वयंपाकाला.

ऋता : काकू, बुल्टीचं शाळेतलं नाव काय?

नलिनी : बुल्टी... नाही, ते घरातलं असणार. इथे प्रत्येक पोराला दोन नावं असतात, चाळीस वर्षं बघतेय मी. पण हिचं दुसरं कधी विचारलं नाही. आईचंही नाही. सहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात वावरतेय बाई, आणि मी तिला मुलीच्या नावाने हाक मारतेय.

श्यामसुंदर : एक मिनिट. बुल्टी गावाला गेलीय. मामाकडे. तूच सांगितलंस.

नलिनी : मला तिने सांगितलं.

ऋता : बराकपूरला आहे ती. पाच आठवडे झाले.

नलिनी : अगं बाई! म्हणून दर रविवारी सुट्टी मागत होती. आणि मी तिला म्हटलं, एवढी कसली माहेरची ओढ लागलीय आता या वयात? हसली नुसती. सियालदह स्टेशनहून गाडी पकडून पोरीला भेटायला जात होती ती, आणि मी टोमणे मारत होते.

श्यामसुंदर : हे पाहा, वाईट मलाही वाटतंय. पण घाईने काही मानून चालणार नाही. ती आपल्याकडे येते साडेदहाला. भेटीची वेळ सकाळी नऊ. नऊला ती स्वतःच्या घरी असायला हवी होती. नव्हती. मग ती कुठे होती?

नलिनी : मंगळवारी?

श्यामसुंदर : मंगळवारी काय?

नलिनी : मंगळवारी तिला मीच साडेआठला बोलावते. तुमचा उपास असतो. साडेनऊच्या ठोक्याला साबुदाण्याची खिचडी लागते तुम्हाला, नाहीतर डोकं दुखतं. मी शिकवली तिला. दाण्याचं कूट सुद्धा आदल्या दिवशी करून ठेवते ती.

श्यामसुंदर : तिन्ही भेटी मंगळवारी झाल्या?

ऋता : तिन्ही. तुम्ही मंगळवारी फायलींवर सही करता ना, म्हणून. तुम्हीच म्हणालात, सकाळी भेट झाली की फॉर्म ताजा ताजा घेऊन ये. बाकी सहा दिवस ती दहापर्यंत घरी असते. शेजाऱ्यांनी सांगितलं. मी आधी विचारायला पाहिजे होतं त्यांना. फॉर्ममध्ये शेजाऱ्यांचा रकानाच नाही.

नलिनी : आणि फॉर्म भरून तू इथे यायचीस.

ऋता : दहापर्यंत. या खुर्चीत बसायचे. आणि चहा कोण द्यायचं, काकू?

नलिनी : नको गं.

ऋता : तिच्या दाराचं कुलूप लिहून यायचे आणि तिच्याच हातचा चहा प्यायचे. तीन वेळा. खिडकीतून मुलीला विचारलं मी, आई कुठे? ती म्हणाली, कामाला. मी लिहिलं, ‘आईचा ठावठिकाणा अनिश्चित’. मला झोप लागत नाही काका, खरं सांगते.

श्यामसुंदर : तुझी चूक नाही. तीन भेटींची अट माझी आहे. शाखा तपासणीत तीनदा तोच शेरा आला की कारवाई करायचो आम्ही. चौतीस वर्षं केलं. मला वाटलं, इथेही तशी शिस्त हवी. उगाच कुणाच्या मनाला येईल तसं मुलांचं होऊ नये.

नलिनी : शाखा नव्हती हो ती. एका बाईचं घर होतं.

श्यामसुंदर : कळतंय मला! आण तो कागद. लिहितो. ‘श्रीमती शिउली नस्कर आमच्याकडे सहा वर्षांपासून काम करतात. त्यांची वर्तणूक अत्यंत चांगली आहे.’ सही, पत्ता. झालं.

ऋता : याने काही नाही होणार. तारखा पाहिजेत. वेळ पाहिजे.

श्यामसुंदर : तारखा घातल्या की समिती दोन्ही कागद शेजारी ठेवेल. अहवालावर सही माझी, पत्रावरही माझी. विचारतील, तुमच्याच घरात काम करणारी बाई तुम्हाला ओळखता आली नाही? पुढच्या महिन्यात बजबजचं केंद्र सुरू व्हायचंय. साठ मुलांची यादी तयार आहे. दुपारचं जेवण, अभ्यास, डॉक्टर. संस्थेचं नाव खराब झालं तर त्या साठ जणांचं काय? मी फक्त माझा विचार करतोय असं वाटतंय तुला?

ऋता : बजबजलाही हाच फॉर्म जाणार आहे, काका.

श्यामसुंदर : मग?

ऋता : तिथल्या बायकासुद्धा कामाला जातात.

नलिनी : आणि कुलपाचं काय? ते कोण लिहिणार?

श्यामसुंदर : नलिनी, ते आत्ता नको.

नलिनी : आत्ता नाही तर कधी? ऋताला माहीत नाही, तिला कळू दे. एप्रिलमध्ये बुल्टी आईबरोबर इथे यायची, ऋता. सुट्टी होती शाळेला. याच टेबलाखाली बसून चित्रं काढायची, आवाज नाही की काही नाही. एक दिवस मुंबईचे कोण ते देणगीवाले येणार होते, तर हे मला म्हणाले, मुलीला आणू नकोस म्हणावं. मुलांच्या हक्कांचं काम करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात कामवालीची पोर दिसली तर लोकांना वाटेल, आपण तिला राबवतोय. आणि मी जाऊन सांगितलं. मला तरी कुठे सुचलं विचारायला, मग ती राहणार कुठे?

ऋता : म्हणून कुलूप.

नलिनी : तिथून पुढे कुलूप. वस्तीत पोरीला उघड्यावर सोडायची भीती वाटली असेल तिला.

श्यामसुंदर : मला वाटलं होतं... मुलांनी कामाच्या जागी येऊ नये, हे तत्त्व म्हणून...

नलिनी : तत्त्व?

श्यामसुंदर : नाही. तत्त्व नव्हतं ते. चारचौघांत वाईट दिसेल म्हणून सांगितलं मी. त्या लोकांसमोर मला चांगलं दिसायचं होतं. आणि पुढच्या महिन्यात तिच्याच पोरीच्या कागदावर ‘पालकांचं दुर्लक्ष’ असं लिहून सही केली. शरम वाटते, नलिनी. तोंड लपवायला जागा नाही मला.

नलिनी : मलाही नाही. पण लिहा आधी. शरमेचं नंतर बघू.

श्यामसुंदर : दुसरा कागद दे, ऋता. हा फाडून टाक. ...‘बारा, एकोणीस व सव्वीस मे रोजी सकाळी साडेआठ ते साडेअकरा शिउली नस्कर माझ्या घरी स्वयंपाक करत होत्या. मुलीला सोबत आणू नये, असं त्यांना माझ्या सांगण्यावरून कळवलं होतं. त्यामुळे मुलगी घरी एकटी राहत असे. दुर्लक्षाचा अहवाल मीच सही करून पाठवला. तो चुकीचा आहे.’ आणखी काही?

ऋता : इंग्रजीत पण एक कॉपी लागेल. मी करते.

श्यामसुंदर : उद्या मी येतो तुझ्याबरोबर. समितीसमोर माझ्या तोंडाने सांगेन. आणि त्याआधी तिला सांगायला हवं, की तो सचिव मीच. तिला कुठे माहीत असणार!

ऋता : काका...

नलिनी : काय गं?

ऋता : तिला माहीत आहे. मागच्या सुनावणीत अहवाल तिला बंगालीत वाचून दाखवला. खाली तुमचं नाव होतं, ते पण. सोळा दिवस झाले. मला पण तिने तिथेच ओळखलं, मी तिला नाही; ती इथे येते हे मला परवा शेजाऱ्यांकडून कळलं.

नलिनी : सोळा दिवस? आणि रोज येतेय? रोज पोळ्या लाटतेय?

ऋता : कामाच्या घरांची यादी मागितली तर तिने बाकीची दोन घरं सांगितली. सकाळचं घर सांगेनाच. मी म्हटलं, तेच तर पाहिजे, नाहीतर बुल्टी घरी कशी येणार? तर म्हणाली, ‘ते घर राहू दे, दीदी. मेशोमोशाय वयस्कर आहेत. त्यांना फार लाज वाटेल. मी समितीच्या पाया पडेन.’ मेशोमोशाय म्हणजे तुम्ही, काका. मी तिला न सांगता आलेय आज.

नलिनी : अहो, ऐकलंत का हे? आज सकाळीसुद्धा येऊन गेली ती.

श्यामसुंदर : आज सकाळी चहा ठेवून ती बराच वेळ इथेच उभी होती. मला वाटलं, पुन्हा सुट्टी मागणार. मी पेपरातून मान वर काढली नाही.