झडपेवरचा भाडेकरू

दवाखान्याच्या बाकावर शिंप्याने वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, इतके त्याचे कान शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे लागले होते.

“हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय म्हणे. पण तीनदा रक्त काढूनही जंतू कुठला ते कळेना, मग औषध काय देणार?”

“लाजाळू असेल.”

“तुमच्यासारखा. महिनाभर ताप लपवलात.”

“लपवला कुठं? ताप चढला की तुझ्या डब्यातल्या दोन गोळ्या घेत होतो.”

“कुठल्या?”

“तुझी दाढ काढली तेव्हाच्या, उरलेल्या. आज सकाळीही घेतल्या.”

“अहो, त्या जंतूंवरच्याच. म्हणून रक्तात सापडत नाहीत.”

“म्हणजे मेले?”

“अर्धमेले. झडप कुरतडायला तेवढे पुरतात. उठा, डॉक्टरांना सांगा.”

“रागावतील ते.”

“माझं रागावून झाल्यावर उरलात, तर रागावतील.”

शिंप्याने पाय आखडून वाट दिली. तिने नवऱ्याचा दंड धरला.

“सावकाश. झडपेला धक्का नको.”